मागच्या भिंतीला स्टेपनी टांगण्याआधी

नाशिकच्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे. त्यांनी टाटा ४०७ च्या चासीवरची २००४ सालची मिनीबस घेतली आहे. आधीच्या मालकाने तिची कॅम्पर करून घेतली होती, आत दोन बेड, छोटा ओटा आणि संडास-बाथरूम. स्टेपनी पूर्वी मागे चासीखाली टांगलेली असायची. त्या जागी आता सांडपाण्याची टाकी आहे, म्हणून स्टेपनी दोन वर्षं बेडखाली पडून आहे. ऊन तापलं की गाडीभर रबराचा वास सुटतो. त्यांनी विचारलंय, ‘जीपला असते तशी मागच्या भिंतीवर ब्रॅकेट मारून स्टेपनी लावली तर चालेल का? इथला फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसाचं काम म्हणतोय.’

ते ‘अर्ध्या दिवसाचं काम’ वाचलं आणि सविस्तर लिहायला बसलो. कोल्हापुरात उद्यमनगरात ट्रक आणि मिनीबसच्या बॉड्या बांधण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत, त्यात शेवटच्या काही वर्षांत कॅम्परची कामंही बरीच आली. भिंतीवर स्टेपनी अर्ध्या दिवसात बसते, हे खरं आहे. मीही एकदा बसवली होती. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडू. ब्रॅकेट कसा करायचा हे कोणताही बरा वेल्डर सांगेल. तुम्हाला ठरवायचंय ते हे की पन्नास किलोचं वजन गाडीच्या शेवटच्या टोकाला नेल्यावर ते कशावर उतरणार आहे. ४०७ ला ७.५०-१६ चा टायर येतो. टायर, ट्यूब, फ्लॅप आणि लोखंडी रिम असं सगळं मिळून पंचेचाळीस ते पन्नास किलो धरा. आमच्याकडे दोन पोरं लागतात ती उचलायला. जीपची किंवा छोट्या एसयूव्हीची स्टेपनी याच्या निम्म्याच्या आसपास असते, तिथे दरवाजा, बिजागऱ्या आणि मागचा खांब कारखान्यातूनच त्या वजनासाठी बनवून आलेले असतात आणि मागच्या चाकापासून गाडीचं शेपूट जेमतेम हातभर बाहेर असतं. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. म्हणून जीपची तुलना इथे सोडून द्या.

तुमच्या गाडीची मागची भिंत म्हणजे काय, ते बघा. बॉडी बांधताना आम्ही आधी चौकोनी पाइपचा पिंजरा उभा करतो, त्यावर बाहेरून पत्रा मारतो आणि आतून प्लाय. त्या भिंतीने स्वतःचं वजन, काच आणि वारा सांभाळावा एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. बाहेरून ती भक्कम दिसते, हाताने थापटली तरी हलत नाही. पण बोल्ट पत्र्यातून आणि पातळ पाइपातून आरपार जातो आणि त्याला ओढ लागते बाहेरच्या बाजूला. त्यात गाडी वीस वर्षांची. पावसाचं पाणी खिडकीच्या रबरातून आत शिरतं, पाइपातून उतरत खालच्या आडव्या पाइपात साठतं आणि तो आतून कुजतो. बाहेर रंग चकचकीत असतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खालचा पाइप टकटक वाजवत जा. धड लोखंड टणटण वाजतं, कुजलेला पाइप भद्द वाजतो. दहापैकी सात-आठ जुन्या गाड्यांत मला कोपऱ्यात भद्द आवाज मिळालेला आहे.

आता माझी चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या मिनीबसला मी मागच्या भिंतीवर स्टेपनी लावून दिली. आतून पाच मिलिमीटरची प्लेट, बाहेरून प्लेट, मध्ये चार बोल्ट. मला वाटलं, एवढी प्लेट दिल्यावर काय होणार. गाडी करूळ घाटाने कोकणात गेली, रत्नागिरीकडे फिरली आणि पाच-सहा महिन्यांनी पाणी गळतंय म्हणून परत आली. प्लायवूड काढलं. माझी प्लेट जशीच्या तशी होती, बोल्टही. पण पाइपमधली भोकं गोल राहिली नव्हती, ती उभी लांबट झाली होती, करंगळी सहज आत जावी एवढी. वरच्या दोन भोकांच्या कडेपासून पाइप चिरत गेला होता. मागची काच ज्या चौकटीत बसते ती चौकट खाली ओढली गेल्यामुळे काचेच्या कोपऱ्यात तडा. स्टेपनी रस्त्यावर पडली नाही हे नशीब. मागून कोणी दुचाकीवाला येत असता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. त्या गाडीची मागची भिंत मी माझ्या खर्चाने नवी करून दिली आणि त्यानंतर भिंतीवर स्टेपनी लावलेली नाही.

असं का होतं? उभी गाडी असते तेव्हा पन्नास किलो हे पन्नास किलोच असतात. खड्ड्यातून मागचं चाक उसळलं की शेपूट सगळ्यात जास्त उसळतं, कारण ते चाकाच्याही पलीकडे असतं. आम्ही काम करताना तिप्पट धरतो, म्हणजे क्षणभर दीडशे किलो. शिवाय टायरचा मध्य भिंतीपासून बाहेर असतो, त्यामुळे वजन नुसतं खाली ओढत नाही, ब्रॅकेट वरच्या बाजूने भिंतीतून उपटायला बघतं. एका धक्क्याने काही मोडत नाही. असे हजारो धक्के बसले की लोखंड थकतं आणि भेग पडते. पन्नास किलो तोलून धरणारा ब्रॅकेट बनवणं सोपं आहे, पन्नास किलो वीस हजार किलोमीटर नाचवणारा बनवणं कठीण.

दुसरी गोष्ट एक्सलची. तुम्ही व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, ३४०० मि.मी. मोजून दिलाय आणि मागच्या एक्सलपासून बॉडीचं टोक साधारण दोन मीटर. स्टेपनी मागे लावली की तिचा मध्य एक्सलपासून सुमारे २.२ मीटरवर येईल. स्टेपनी ५० किलो आणि तिला धरणारा लोखंडी स्टँड २५ किलो, मिळून ७५. हे वजन मागच्या एक्सलच्या मागे असल्यामुळे सीसॉसारखं काम करतं. मागच्या एक्सलवर ७५ नाही, जवळजवळ १२३ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ४८ किलो कमी होतात. हिशोब असा: ७५ ला ५.६ ने (व्हीलबेस ३.४ अधिक २.२) गुणा आणि ३.४ ने भागा. पुढून ४८ किलो उचलले गेल्याने ४०७ काही उडणार नाही. पण तुमच्या गाडीत पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि बाथरूम हे सगळं आधीच मागे असेल तर स्टेअरिंग हलकं लागायला लागतं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं वळणात नीट धरत नाहीत. घाटात ते जाणवतं. म्हणून इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. टाक्या कुठे आहेत, त्या भरल्यावर गाडीचं वजन किती होतं, यावर.

यासाठी वजनकाट्यावर जा. प्रवासाला निघताना असते तशी गाडी भरा: पाणी, गॅस, सामान, माणसं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन आकडे लिहून घ्या. पूर्ण गाडीचा आकडा आरसी बुकातल्या वजनाशी ताडा, मागचा आकडा टायरच्या आणि एक्सलच्या मर्यादेशी. काट्याचं भाडं किरकोळ असतं आणि पुढचे सगळे निर्णय त्या चिठ्ठीवर ठरतात. मागचा एक्सल आधीच काठावर असेल तर स्टेपनी मागे लावायचा विचार करण्याआधी शंभर लिटरची पाण्याची टाकी दोन एक्सलच्या मध्ये आणा. शंभर लिटर म्हणजे सरळ शंभर किलो.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात आधी बघायला हवी. तुमची गाडी मूळची मिनीबस आहे, म्हणजे मागे संकटकाळी बाहेर पडायची खिडकी किंवा दरवाजा असणार. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागे मोठी काच दिसते. ती काच हीच तुमच्या घरच्यांची दुसरी वाट आहे. तुमच्या गाडीत गॅसचं सिलिंडर आहे, ओटा पुढच्या दरवाजाजवळ आहे आणि बेड मागे. रात्री ओट्यापाशी आग लागली तर झोपलेली माणसं कुठून बाहेर पडणार? त्याच काचेतून. तिच्यासमोर स्टेपनी आणि तिचा लोखंडी स्टँड आला तर ती वाट बंद झाली. कोणी म्हणेल, स्टँड फिरवून बाजूला करता येतो. पण तो बाहेरून फिरतो, आतून नाही. स्टेपनी काचेच्या खाली आणि एका बाजूला बसत असेल तरच पुढे जा. बसत नसेल तर मागे लावूच नका, मग ब्रॅकेट कितीही मजबूत असो.

मग पर्याय काय? मी आधी जुन्या जागेकडे बघतो. चासीखाली, मागच्या एक्सलच्या मागे स्टेपनी असणं हीच तिची उत्तम जागा आहे. वजन खाली, चासीवर, मागून कोणाला धोका नाही. सांडपाण्याची टाकी तिथे बसवली कारण ती जागा मोकळी आणि सोयीची दिसली. पण टाकी कोणत्याही आकाराची करून घेता येते, टायर गोलच राहतो. चासीच्या दोन लांब चॅनेलच्या बाहेरच्या बाजूला, दोन्ही एक्सलच्या मध्ये, सपाट लांबट टाकी बसते का ते गाडी रॅम्पवर घेऊन बघा. डिझेलची टाकी एका बाजूला असते, दुसरी बाजू बहुतेक वेळा रिकामी मिळते. टाकी आणि नळ्या हलवायला दोन दिवस जातील. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न इथेच सुटला. उताराची मापं मात्र बघा. सांडपाणी उताराने वाहिलं पाहिजे, नाही तर बाथरूममध्ये पाणी तुंबेल.

टपावर ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. पन्नास किलोची स्टेपनी भर पावसात घाटात नऊ-दहा फुटांवरून खाली कोण उतरवणार? शिवाय उंच गाडीचा भार आणखी वर जातो. ते नकोच. स्टेपनी न घेता फिरणं, हाही एक पर्याय लोक निवडतात, कारण पंक्चरवाला गावोगावी असतो. पुणे-नाशिक रस्त्यावर ते ठीक आहे. आंबा घाटात रात्री साडेअकराला पुढचा टायर कापला गेला की कळतं. मागे जोडचाकं असल्यामुळे मागचा एखादा टायर गेला तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत रिकामी गाडी सरकवता येते, असं ड्रायव्हर सांगतात आणि करतातही. तुमची गाडी कधीच रिकामी नसते, हे लक्षात ठेवा. आत घर आहे.

मागेच लावायची ठरली, काचेची वाट मोकळी राहतेय आणि काट्याचे आकडे परवानगी देतायत, तर पुढचं वाचा.

स्टँड चासीवर उभा करायचा. मागच्या भिंतीला तो एका बोल्टनेही जोडायचा नाही. भिंत आणि स्टँड यांच्यात दोन बोटं मोकळी जागा सोडायची, कारण चासी आणि बॉडी रस्त्यावर वेगवेगळ्या हलतात. चासीचे दोन्ही लांब चॅनेल मागे कुठे संपतात ते आधी शोधा. बऱ्याच मिनीबसमध्ये बॉडीवाल्याने शेपूट वाढवण्यासाठी त्यांना मागे तुकडे जोडलेले असतात, कधी नुसते वेल्ड करून. तो जोड घासून, रंग काढून बघा. जोडाला दोन्ही बाजूंनी पट्टी नसेल किंवा वेल्डच्या कडेने गंजाची लालसर रेघ दिसत असेल तर काम तिथेच थांबवा. ती रेघ म्हणजे रंगाखाली भेग उघडझाप करतेय आणि तिच्यातून गंज बाहेर पडतोय. आधी तो जोड दुरुस्त करा, स्टेपनी नंतर.

मूळ चासीत भोकं पाडायची तर उभ्या भागात पाडा, वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांत कधीच नाही. चॅनेल वाकताना सगळा ताण त्या आडव्या पट्ट्यांवर येतो. तिथे भोक पाडलं की तुम्ही भेगेला जागा करून दिलीत. शक्यतो कारखान्याची आधीची भोकं वापरा. गॅस कटरने भोक करायचं नाही, ड्रिलनेच करायचं आणि कडा घासून घ्यायच्या. आणि मूळ चासीला वेल्डिंग नाही. प्लेट बोल्टने लावा, बाकी सगळं वेल्डिंग त्या प्लेटवर, गाडीपासून लांब, बाकावर ठेवून करा. काही कारणाने गाडीवर वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढा आणि अर्थिंग कामाच्या जवळ लावा, नाही तर अल्टरनेटरचे डायोड जातात.

दोन्ही चॅनेलवर आठ मिलिमीटरची प्लेट, प्रत्येकी चार १२ मि.मी.चे बोल्ट, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले. हार्डवेअरच्या दुकानात साधे बोल्टही तसेच चकचकीत दिसतात, म्हणून आकडा वाचून घ्या. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, ते सहज सैल होत नाहीत. दोन प्लेटांना जोडणारा आडवा चॅनेल ७५ मि.मी.चा, मीटरला सात किलोच्या आसपास वजन पडतं, तेवढा पुरतो. १०० चा घेतलात तर मजबुती वाढते पण वजनही वाढतं आणि ते नेमकं शेपटावर. मी ७५ चा घेतो आणि कोपऱ्यांत त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराची प्लेट, देतो. गसेटचं टोक चॅनेलच्या कडेवर आणून संपवू नका, थोडं आधी गोलाईने संपवा. ताण जिथे एकदम थांबतो तिथेच चिरतं.

आता स्टेपनी त्या आडव्या चॅनेलवर पक्की ठेवायची की फिरणाऱ्या हातावर? मागे डिकीचा दरवाजा किंवा टाकीचा कॉक उघडायचा असेल तर फिरणारा हात लागतो, नाही तर पक्कीच बरी. हलणारी गोष्ट एक दिवस खडखडणार. हात करायचाच तर बिजागरीऐवजी भंगारातून एखाद्या जुन्या गाडीचं टेपर बेअरिंगवालं हब आणि त्याची स्टब, म्हणजे हब ज्यावर फिरतं तो दांडा, घ्या. गेटची बिजागरी सहा महिन्यांत सैल होते आणि हात खाली झुकतो. हब चाकाचं वजन सोसण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यात ग्रीस भरा, नट घट्ट करून पुन्हा किंचित सोडा, झालं.

दुसऱ्या टोकाला हात नुसता अडकवून भागत नाही, तो टेकला पाहिजे. तिथे एक खोबण करा आणि तिच्या तोंडाशी छोटा उतार द्या, म्हणजे बंद करताना हात दोन-तीन मिलिमीटर वर चढून खोबणीत बसेल. मग वजन दोन्ही टोकांना वाटलं जातं. खोबणीत रबराचा तुकडा ठेवा, वरून ओढून बसणारा क्लॅम्प आणि त्याला वेगळी पिन. क्लॅम्प उघडला तरी पिन हात धरून ठेवेल. पिन साखळीने बांधा, नाही तर पहिल्याच सहलीत ती हरवते.

स्टेपनी कशी धरायची, यातही गंमत आहे. जोडचाकाच्या गाडीची रिम एका बाजूने खोलगट असते. ती खोलगट बाजू गाडीकडे ठेवा. स्टँडचा आडवा खुंटा त्या खोलगटात शिरतो आणि टायर भिंतीच्या जवळ येतो. उलटी लावलीत तर टायर हातभर बाहेर राहतो आणि सगळा हिशोब बिघडतो. खुंट्याच्या टोकाला प्लेट, तिच्यावर तुमच्याच गाडीच्या चाकाचे स्टड बसवून घ्या, तीन पुरेत, आणि नटही चाकाचेच. अंधारात एकच पाना चालला पाहिजे. स्टडची अंतरं टेपने मोजू नका. तुमची रिम उचलून दुकानात न्या आणि प्लेटवर ठेवून खुणा करा.

उंचीचं माप कोकणवाल्यांना वेगळं सांगावं लागतं. स्टेपनी जेवढी खाली तेवढी उचलायला सोपी, म्हणून लोक ती खाली आणतात. मग दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढताना गाडीचं नाक वर जातं आणि शेपूट रॅम्पला घासतं. एकाच्या स्टेपनीची खालची कड मी अशी सालपटलेली पाहिली आहे. मागच्या टायरच्या खालच्या कडेपासून स्टँडच्या सगळ्यात मागच्या-खालच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. दोरीच्या खाली काही येत असेल तर तो भाग वर घ्या. स्टेपनी मग मांडीच्या उंचीवर येते. उचलायला एक लाकडी फळी तिरकी लावून टायर तिच्यावरून चढवायचा, त्याने कंबर वाचते. सायलेन्सरचं तोंड कुठे आहे तेही बघा. गरम धूर सतत रबरावर येता कामा नये.

कायद्याबद्दल थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची एकूण लांबी मोजताना स्टेपनी आणि तिचा ब्रॅकेट धरत नाहीत, त्यामुळे लांबीची भीती बाळगू नका. मागच्या शेपटाला मात्र मर्यादा आहे, व्हीलबेसच्या ६० टक्के. तुमच्या ३४०० च्या व्हीलबेसला ती २०४० मि.मी. येते आणि तुमची बॉडी दोन मीटरच्या आसपास, म्हणजे बॉडीच काठावर आहे. ‘आसपास’ असं ठेवू नका, ओळंबा सोडून नीट मोजा. नंबर प्लेट, तिच्यावरचा दिवा, मागचे लाल दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर मागून आणि दोन्ही बाजूंनी तिरकं उभं राहून दिसले पाहिजेत. झाकले जात असतील तर ते सरकवा आणि प्लेट नियमाप्रमाणे बसवून घ्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे. काम सुरू करण्याआधी स्टँडचं साधं चित्र काढून आरटीओत दाखवा आणि विचारा. फिटनेसच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं.

स्टेपनी लावून झाली की ती विसरली जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. बेडखाली पडलेल्या तुमच्या टायरचे आकडे आजच वाचा. नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा नसतो. बाजूच्या रबरात बारीक चिरा दिसत असतील तर त्यासाठी स्टँड बनवण्यात अर्थ नाही, आधी टायर बदला. मागे उन्हात राहणार म्हणून ताडपत्रीचं कव्हर शिवून घ्या. हवा भरायचं तोंड हाताला येईल असं ठेवा आणि दर महिन्याला बाकीच्या चाकांबरोबर तिचीही हवा बघा. रिमला टायर अडवून धरणारी सुटी लोखंडी रिंग असेल तर हवा भरताना समोर उभं राहू नका. ती रिंग सुटली तर माणूस मारते. टायरवाल्याकडे पिंजऱ्यात ठेवून भरून घ्या.

थोडक्यात क्रम असा ठेवा. आज टायरचे आकडे आणि मागच्या काचेची वाट बघा. मग काटा करा. मग गाडीखाली जाऊन टाकी हलते का ते पाहा. ती हलत नसेल तरच चासीवरचा स्टँड. तुमच्या फॅब्रिकेटरला हे सगळं वाचून दाखवा. तो चांगला कारागीर असेल तर अर्ध्या दिवसाचा आग्रह धरणार नाही, दोन-तीन दिवस मागेल. ते द्या.

काम झाल्यावर प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटते, पाना न लावता लांबूनच दिसतं. शंभर किलोमीटरवर एकदा, पाचशेवर एकदा आणि नंतर प्रत्येक मोठ्या सहलीआधी सगळे पुन्हा आवळा. वेल्ड तपासायला मशीन लागत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर वेल्डजवळचा रंग तारेच्या ब्रशने काढा, तिथे रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. ती उमटली तर स्टेपनी त्याच दिवशी उतरवा आणि मला फोटो पाठवा.